सात नंबरचं पाणी

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं आणि समोर ती पाटी उभी होती. खाडीच्या चिखलात सहा वर्षं उभी असलेली पाटी आता आमच्या चहाच्या खोलीबाहेर भिंतीला टेकली होती. तिच्या लाकडी पायाला वीतभर काळा चिखल, अजून ओला, आणि त्यातून पाण्याची एक बारीक रेघ निघून गालिच्यावरून हळूहळू माझ्या टेबलाच्या दिशेने चाललेली. 'इथल्या शिंपल्या काढू नयेत, खाऊ नयेत. पाणी दूषित आहे.' खाली आमच्या प्रादेशिक परिषदेचं चिन्ह, उन्हाने उडून गेलेलं. दार पुन्हा मिटायला लागलं तरी मी आतच होते. मिटताना त्याच्या फटीतून पाटी अरुंद होत गेली, आणि मला वाटलं, मिटू दे, खाली जावं, रस्त्यावर जावं, बसमध्ये बसावं, आजचा दिवस अजून सुरूच झालेला नाही असं समजावं. तेवढ्यात एक भला मोठा हात फटीत आला आणि दार उघडलं.

"नायरी आंटी, अशी काय बघतेस? भूत नाही, पाटी आहे." तो फेतू होता. किनाऱ्यावरच्या पाट्या लावायचं आणि काढायचं काम त्याचं. मूळचा सामोआ बेटांवरचा, खांदे असे की लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी कुणी उभं राहत नाही. "काय घट्ट धरून ठेवली होती चिखलाने! सासूने जावयाला लग्नाच्या दिवशी धरावं तशी. दोघं लागलो ओढायला." मग आवाज खाली आणून, जणू मला बक्षीस देत, तो म्हणाला, "तुझ्याच नंबराने निघाली ती. चार आला ना? चौदाच्या मर्यादेच्या आत लागोपाठ पाचवा, मग पाटी जाणारच. शनिवारी सव्वाअकराला ओहोटी आहे. बादली आण. माझी बायको दोन आणणार आहे. एक चर्चसाठी, एक आमची. चर्चची लहान."

मी हसले. हसणं तोंडावर आलं आणि मी आत कुठेतरी मागे राहिले. चार. शंभर मिलिलिटरमध्ये चार जंतू. किती स्वच्छ आकडा, एखाद्या धुतलेल्या बशीसारखा. तो आकडा खाडीच्या मुखाचा नव्हता, आमच्या यादीतल्या सात नंबरच्या ठिकाणाचा नव्हताच. ते पाणी मी दुसरीकडून भरलं होतं. हे पृथ्वीच्या पाठीवर मला एकटीला माहीत होतं, आणि ज्याला सगळंच माहीत असतं त्याला. आता शनिवारी सगळा गाव बादल्या घेऊन त्या चिखलात उतरणार होता, मुलंबाळं, म्हाताऱ्या, गरोदर बाया. शिंपली तर पाणी पीतच जगते. जे पाण्यात असेल ते ती आपल्या पोटात धरून ठेवते.

आमच्या इमारतीत जमीन दुसऱ्या मजल्यावर असते, पाणी तिसऱ्या आणि किनारा चौथ्या. नोकरीला लागले तेव्हा मला याचं फार नवल वाटायचं. दुसऱ्या मजल्यावरची माणसं डोंगरउतारावर झाडं लावायला सांगतात, कुणाच्या किती गाई नदीत उतरतात ते बघतात. तिसऱ्यावरची नद्या मोजतात. चौथ्यावरच्यांकडे वाळू, खारफुटी, लाटा. डोंगरात पाऊस पडला की तो एका दिवसात तिन्ही मजले ओलांडून समुद्रात जातो, कुणाची सही न घेता. नकाशावर नदीच्या मुखाशी एक तुटक रेघ आहे. रेघेच्या अलीकडचं गोडं पाणी तिसऱ्या मजल्याचं, पलीकडचं खारं चौथ्याचं. मी कितीदा त्या रेघेवर उभी राहिले आहे. तिथे काहीच नसतं. मांडीभर पाणी, पायाखाली शिंपल्यांचा करकरणारा थर, आणि कधी गार, कधी कोमट असा एक प्रवाह, जणू दोन माणसं अंधारात एकमेकांना चाचपून बघताहेत. माझी नेमणूक तिसऱ्या मजल्यावर, पण सात नंबर रेघेच्या पलीकडे. जाणं-येणं परवडावं म्हणून तेही माझ्याकडे आलं आणि राहिलं.

एक आड एक मंगळवार. एकोणीस वर्षं. सकाळी उठल्यावर कुणाशी एक शब्दही बोलायच्या आधी मी प्रार्थना करते, जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे संपल्यावर चूल पेटवते, शुक्रवारी मांस खात नाही. ही व्रतं मला आईकडून आली. मंगळवारचं व्रत मात्र माझं स्वतःचं. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवायचे. पाण्याच्या काठाशी थांबून पूर्वजांचं नाव घ्यायचं, देवाचं नाव घ्यायचं. मग उतरायचं, तळ ढवळू न देता. प्रवाहाकडे तोंड करायचं. बाटलीचं झाकण उघडायचं पण त्याच्या आत बोट लागू द्यायचं नाही. कोपराइतका हात खोल घालायचा, बाटली पालथी नेऊन आत वळवायची. ती भरताना एक बुडबुडा येतो, शेवटचा, घुटका घेतल्यासारखा. त्या क्षणी मला नेहमी वाटायचं की आता मी कुणाच्या तरी ओठांना पेला लावते आहे. मग बर्फाची पेटी, मग प्रयोगशाळा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. आई गेली त्या आठवड्यातही, तिला पुरून आल्यावर, काळ्या कपड्यांवरच बूट चढवून. एकही मंगळवार चुकला नाही. आता वाटतं, त्यातच ते किडकं बी होतं. न चुकण्याचा मला अभिमान होता, आणि मी त्याला भक्ती म्हणत होते.

हाकी बुडाला तो गुरुवार. माझ्या मावशीचा, रोइमाताचा, एकुलता एक. वय बेचाळीस. चपट्या मासळीसाठी जाळं टाकायला लहान होडीतून गेला आणि मुखावरच्या लाटेत होडी उलटली. शनिवारी सापडला. गावातल्या जुन्या लोकांनी गुरुवारी संध्याकाळीच खाडीवर राहुई लावली होती. राहुई म्हणजे पाण्यावरची बंदी. उतरायचं नाही, मासळी धरायची नाही, काही घ्यायचं नाही. माणूस ज्या पाण्याने घेतला ते पाणी काही दिवस त्या माणसाचं असतं. भूशिरापासून जुन्या पुलाच्या खांबांपर्यंत सगळं पाणी एकटं सोडलं होतं. रविवारी डोंगरात जोराचा पाऊस झाला. सोमवारी हाकीला मातीत ठेवलं. मंगळवारी सकाळी मी बूट घालून काठावर उभी होते.

पाणी तपकिरी होतं, दुधाच्या चहासारखं. त्याच्यावर एकही पक्षी नव्हता, की मला दिसला नाही. उतरायचं तर नव्हतंच. त्याबद्दल मनात क्षणभरही दुमत झालं नाही. परिषदेचीही हरकत नव्हती. नमुना घेता आला नाही तर चौकट रिकामी ठेवायची, फक्त कारण निवडायचं. मी नोंदीच्या वहीएवढ्या यंत्रावर बोट फिरवलं. कारणांची यादी उघडली. हवामान. भरती. रस्ता बंद. जनावर. उपकरण बिघडलं. इतर. मी यादी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. जनावराला शब्द होता. कुणाचा मारका बैल मधे उभा असेल तर त्याला यादीत जागा होती. आणि हाकी, कालच मातीत ठेवलेला, ज्याच्या शवपेटीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, त्याचं हे सगळं पाणी, ही बंदी, मावशीचं तीन दिवसांचं रडणं, हे 'इतर'. माझं बोट त्या शब्दावर टेकेना. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग पाय आपोआप चालायला लागले, काठाने, जुन्या पुलाच्या खांबांपलीकडे, जिथे डोंगरातला झरा खडकावरून नदीत उतरतो. तिथे राहुई नव्हती. झऱ्याचं पाणी पावसातही नितळ असतं. त्यात माझे बूट दिसत होते, बुटांखालचे गोटे दिसत होते. मी बाटली भरली. बुडबुडा आला. यंत्राने विचारलं, ठिकाण? मी सात दाबलं. मला खरंच वाटलं की मी हाकीचा मान राखला.

आणि त्यानंतर काही वाटलं नाही, हे सांगायला हवं. प्रार्थना रोजच्यासारखी होत होती. हजारो बाटल्यांत एक बाटली, मनाच्या तळाशी गेली, वर गाळ बसला. पुढच्या खेपेला खरं पाणी घेऊ, असं कधीतरी पुसट वाटून गेलं असेल. आकड्याच्या पलीकडे पाटी आहे, पाटीच्या पलीकडे बादल्या आहेत, बादल्यांच्या पलीकडे तोंडं आहेत, हे मला चिखलाची ती रेघ गालिच्यावर बघेपर्यंत दिसलंच नाही.

दुपारी मी ॲलिस्टरच्या खोलीत गेले. तो आमचा वरिष्ठ, दक्षिणेकडचा, उंच, बोलताना खिडकीशी बोलल्यासारखा बोलणारा. चीज लावलेला पाव कागदातून सोडवत होता. अर्धा तोडून त्याने न विचारता माझ्यापुढे ठेवला. "बस, नायरी. बरं झालं आलीस. आताच चौथ्या मजल्याला सांगत होतो. त्यांना शंका, एवढ्यात पाटी का काढली, पाऊस झाला होता म्हणे. मी म्हटलं, नमुना कुणी घेतलाय बघा आधी. एकोणीस वर्षांच्या ओळीत एक रिकामी चौकट दाखवा म्हटलं." तो हसला. "सांडपाण्याच्या सुनावणीत त्या कंपनीच्या वकिलाने तुझी पानं तासभर उलटली होती, आठवतं? शेवटी चष्मा काढून ठेवला बिचाऱ्याने." मी म्हटलं, "ॲलिस्टर." तो म्हणाला, "हं?" खिडकीत एक जहाज बंदराकडे चाललं होतं, इतकं हळू की ते थांबलंय आणि शहरच मागे सरकतंय असं वाटावं. मला माझी एकोणीस वर्षं दिसली. एकाखाली एक आकडे, काळे, सरळ, आईने घातलेल्या टाक्यांसारखे. एक टाका उसवला की बाकीचे कुणाच्या भरवशावर राहणार? "पाव छान आहे," मी म्हटलं आणि उठले. जिन्याने उतरले. प्रत्येक मजल्यावर थांबत, पाणी, जमीन, आणि मग रस्ता.

बसमध्ये जपमाळ हातात घेतली. मणी सरकत होते आणि ओठ हलत होते, पण प्रार्थना काचेच्या पलीकडे राहिली होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. मी माझ्या थांब्यावर उतरले नाही. बस खाडीच्या टेकडीवर संपते, तिथे उतरले. ऊन अजून होतं. रोइमाता मावशी घराच्या पायरीवर बसून हाराकेके नावाच्या झाडाच्या लांब हिरव्या पाती नखाने चिरत होती. पायाशी एक टोपली विणून झालेली, दुसरी अर्धी.

"आलीस? ही पात धर, ताणून." मी धरली. "शनिवारी पहिली शिंपली मी खाणार. सांगून ठेवते. फादर येवो की मेयर येवो, पहिली माझी."

"मावशी, एवढ्यात कशाला..."

"एवढ्यात काय? तेरा दिवस झाले. राहुई उठली, पाटी गेली. त्या पाण्याने माझा हाकी घेतला. आता मी त्याचं खाल्लं नाही, तर त्याच्याशी पुन्हा बोलायला लागणार कशी? शेजारणीशी अबोला धरता येतो गं, खाडीशी कसा धरू? रोज सकाळी दार उघडलं की समोर तीच." तिने पात खसकन ओढली. "ताणून धर म्हटलं. सैल का सोडतेस?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. शब्द आपापले बाहेर येत होते, मी पायरीवरून त्यांच्याकडे बघत होते. तपकिरी पाणी, यंत्र, यादी, जनावर, इतर, झरा, सात. मावशीच्या हातातली पात थांबली होती. खाली खाडी पसरली होती, ओहोटीची, अर्ध्याहून जास्त चिखल आणि त्यावर पडलेलं आकाश.

"म्हणजे माझ्या लेकाचा मान राखायला तू खोटं लिहिलंस."

"हो."

"आणि त्या मानापायी शनिवारी मला हगवण लागणार होती." ती हसायला लागली. ते हसू चांगलं नव्हतं. ते वाढत गेलं आणि मधेच त्याचं रडं झालं, पण तिने डोळे पुसले नाहीत. "'इतर' लिहिलं असतंस तर हाकीचं काय बिघडलं असतं? शाळेच्या कागदावर, नोकरीच्या कागदावर, दवाखान्यात, जन्मभर इतरच होता तो. सवय होती त्याला. तुला नव्हती."

मी मान खाली घातली. "उद्या सकाळी ॲलिस्टरला सांगते."

"उद्या कशाला? तो बघ फोन. माझ्यासमोर कर. घरी जाशील आणि गुडघे टेकून बसशील रात्रभर. ओळखते मी तुम्हा देवभक्त बायकांना. देवाला सांगितलं की माणसांना सांगायचं राहूनच जातं."

फोन भिंतीवर होता, जुना, वेटोळ्या तारेचा. ॲलिस्टरच्या घरी मागे ताटांचा आवाज येत होता. मी सांगत असताना तो आवाज थांबला, कुणीतरी दार लावलं असावं. शेवटी तो म्हणाला, "हे एकदाच झालं?"

"एकदाच."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवतो, नायरी." मग त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "पण ते मला कागदावर म्हणता येणार नाही. समजतंय ना? सगळी ओळच." मी म्हटलं, समजतंय. तो म्हणाला, "उद्या मी जातो सात नंबरला. तू येऊ नकोस." मी फोन ठेवला तेव्हा मावशी पुन्हा विणायला लागली होती. मग तिने चहा ठेवला, बटाटे उकडले, आणि आम्ही दोघींनी मीठ लावून खाल्ले.

गुरुवारी ॲलिस्टरने स्वतः पाणी घेतलं. शुक्रवारी आकडा आला, एकशे दहा. चौदाच्या जागी एकशे दहा. त्या दुपारी माझी एकोणीस वर्षं पडद्यावर काळ्याची करडी झाली, एकाखाली एक, वरून खाली, जसं ढगाची सावली शेतावरून जाते. त्यांच्यापुढे एक लहानसं चिन्ह लागलं. त्याचा अर्थ, संशयास्पद. तो वकील आता चष्मा पुन्हा चढवेल, असं माझ्या मनात आलं, आणि ज्या झऱ्यांसाठी, ज्या ओढ्यांसाठी ती पानं उभी होती ते सगळे माझ्यामुळे थोडे उघडे पडले, हेही आलं. ते अजून जात नाही. चौकशी होईपर्यंत मी पाण्यात जायचं नव्हतं. माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. चौथ्या मजल्यावरची एक बाई फक्त जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून गेली आणि मला वाटलं, मी पुन्हा कधीतरी रडू शकेन.

शनिवारी परिषदेने पत्रक काढलं होतं, पण पत्रक कोण वाचतो? दहापासून गाड्या यायला लागल्या. मी टेकडीच्या वळणावर उभी राहिले. प्रत्येक गाडीची काच खाली येत होती, आत बादल्या, टोप्या, उत्सुक चेहरे, आणि मी तेच सांगत होते. आज नाही. पाणी खराब आहे. कुणी गप्प वळलं. कुणी म्हणालं, सहा वर्षं थांबलो, आता काय साठ थांबायचं? एका माणसाने स्टिअरिंगवर हात आपटला. "परिषदेचा घोळ! नेहमीचंच! वर बसून आकडे खेळतात."

"परिषदेचा नाही," मी म्हटलं. "माझा. मी चुकीचं पाणी नेलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी त्याच्या ओठावर होती, पण एवढ्या जवळून, एवढ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला ती द्यायची कशी, हे त्याला सुचेना. त्याने काच वर केली. तरी बरेच लोक गेले नाहीत. काठावर, गवतावर, रिकाम्या बादल्या उपड्या घालून त्यांच्यावर बसले. कुणीतरी पाव काढला. फेतू आला, दोन्ही बादल्या आणि बायको घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाला, "चर्चची रिकामी परत नेली तर फादर म्हणतील, नेहमीप्रमाणेच." मग मान वळवून दूर बघत राहिला. त्याच्या रागाला तेवढीच जागा सापडली.

सव्वाअकराला पाणी पार आत गेलं. शिंपल्यांचा थर उघडा पडला, ओला, उन्हात लखलखत, आणि कुणीही उठलं नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी राहुईच्या दिवसांतही बघितली नव्हती. तेव्हा मावशी उठली. तिच्याजवळ टोपली नव्हती, सुरी नव्हती. घागऱ्याचं टोक मुठीत धरून ती चिखलातून चालत निघाली, सावकाश, मुखाच्या दिशेने, जिथे थोडं पाणी उरलं होतं.

"आंटी, पाणी खराब आहे!" फेतू ओरडला.

"पायांनी खात नाही मी, फेतू," ती मागे न बघता म्हणाली.

घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन ती थांबली. समुद्राकडे तोंड करून ती काहीतरी बोलत होती. रागावून बोलत होती, मधे हात हलवत, जसं उशिरा घरी आलेल्या मुलाला बोलतात. कुणाला ऐकू येत नव्हतं. मग ती वळली आणि एवढ्या लोकांतून तिने मला शोधलं.

"ये इकडे."

"मला पाण्यात जायची मनाई आहे, मावशी."

"बाटली आहे का तुझ्या हातात?"

"नाही."

"मग कुणाला काय? ये."

मी चपला काढल्या. एकोणीस वर्षांत त्या चिखलाला माझे तळवे कधी लागले नव्हते, मधे नेहमी रबर असे. तो इतका मऊ असेल, इतका गार, हे मला माहीत नव्हतं. बोटांच्या मधून तो वर आला. लोक बघत होते. मी चालत गेले, रेघ कुठे लागली आणि कुठे गेली कळलं नाही, आणि पाणी घोट्यांना लागलं तेव्हा हात कुठे ठेवायचे तेच मला समजेना. एक मावशीने धरला. दुसरा तसाच राहिला, पाण्यावर, उघडा.